‘स’ परत आला तो उन्हाळा

माझा वरचा पुढचा दात पडला तेव्हा मला ते कळलंही नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा घास ठेच्याला लावून तोंडात घातला आणि काहीतरी कठीण लागलं. खडा असेल म्हणून ताटाच्या कडेला काढून ठेवला. जेवण झाल्यावर ताट उचलताना पाहिलं, तर तो खडा नव्हता. माझाच दात होता, मुळासकट, लांब आणि पिवळट. दुखलं नव्हतं, रक्तही फारसं आलं नव्हतं. पिकलेली निंबोळी देठातून सुटावी तसा तो सुटला होता. मी तो धुतला, पदराच्या टोकाला बांधला आणि शाळेत गेले. माझं वय तेव्हा तेहेतीस होतं.

जळगावच्या मुलींच्या शाळेत मी पहिलीला शिकवत असे. नवरा कापसाच्या जिनात कारकून. घरी दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई दोंडाईच्याकडच्या. इतकी वर्षं जळगावात काढूनही त्यांच्या तोंडची अहिराणी तसूभर बदलली नव्हती. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. हिरड्यांनी त्या भाकरी अशी कुस्करत, की बघणाऱ्यालाच भूक लागावी.

माझं दुखणं दुसऱ्या बाळंतपणापासूनचं. आधी दात घासताना रक्त येई. मग सकाळी उठल्यावर तोंडाला एक शिळी, लोखंडी चव येऊ लागली. मिठाने घासून पाहिलं, तुरटीच्या पाण्याने चुळा भरल्या, बाभळीची साल उकळली. चार दिवस बरं वाटे आणि पुन्हा तेच. आरशात पाहिलं की वाटे, आपले दात वाढताहेत. खरं तर हिरड्याच मागे सरत होत्या, पूर ओसरताना काठचे दगड उघडे पडावेत तसे दात उघडे पडत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटाने एकेक दात हलवून पाहिला आणि म्हणाले, “पायरिया आहे. सगळे काढून टाकावे लागतील.” मी हो म्हटलं, घरी आले आणि पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही.

त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडे. मी गिरणेच्या वाळूत उभी आहे, पाणी घोट्यापर्यंत. ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुते, तर पाण्याबरोबर दात हातात येतात, एक, दोन, मग मूठभर, आणि ते शिंपल्यांसारखे गोड वाजतात. स्वप्नात मला भीती वाटत नसे. उलट हलकं वाटे. भीती वाटे ती जागं झाल्यावर, जिभेने एकेक दात मोजताना.

दिवाळीनंतर दुसरा दात गेला. संक्रांतीपर्यंत त्यांच्या दोन्ही बाजूंचे दात असे लोंबू लागले, की बोलताना ते ओठाला लागत. मी पदर तोंडाशी धरून शिकवू लागले. तोंडाला वास येत असावा अशी धास्ती, म्हणून गालात कायम लवंग. मुली लहान, त्या काही म्हणत नसत. मला वाटे, कोणाला काही कळत नाही.

कळलं ते मोठ्या बाई वर्गावर आल्या तेव्हा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नऊवारीवर पांढरा कोट घालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फळ्यावरच्या ‘स’वर छडी ठेवली आणि मुलींना म्हटलं, “म्हणा.”

सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, “थ, थथ्याचा.”

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी छडी पुन्हा टेकवली. पुन्हा सगळा वर्ग, मोठ्याने, आनंदाने, “थ, थथ्याचा! थ, थाप. थ, थूर्य.”

मी खिडकीशी उभी होते. बाहेर कडुलिंबाची पानं गळत होती, एक पान गिरक्या घेत घेत खाली चाललं होतं आणि ते जमिनीला टेकेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिले. त्या मुलींना दात होते. चांगले शुभ्र, नुकतेच पडून नवे आलेले. तरी त्या माझ्यासारखं बोलत होत्या, कारण ‘स’ असाच असतो असं त्यांना मीच शिकवलं होतं. सहा महिने त्या माझ्या तोंडाकडे बघून अक्षरं गोळा करत होत्या.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. वर्गाबाहेर मला म्हणाल्या, “बाई, काहीतरी करा. वर्ष संपेपर्यंत मी तुम्हाला काही म्हणणार नाही. जूनमध्ये पहिली तुम्हालाच द्यायची की नाही, ते तेव्हा बघू.”

घरी आले आणि चुलीपुढे बसून रडले. सासूबाईंनी विचारलं, “काय व्हयनं व? काब्र रडस?”

मी सांगितलं. त्यांना आधी हसू आलं. “मन्हा बठ्ठा दात गयात, तरी मी भाकर खास ना?” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “पन तुन्हं कामच बोलानं शे.” तुझं कामच बोलण्याचं आहे. एवढंच. पण दुखण्याच्या इतक्या वर्षांत माझं म्हणणं कोणाला नेमकं कळलं असेल, तर ते त्यांना.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली होती. तिचं पत्र आलं, की तिच्या सासऱ्यांना दात बसवून देणारे एक मुसलमान कारागीर धुळ्यात आहेत. मुंबईत एका गोऱ्या दंतवैद्याच्या कारखान्यात ते पुष्कळ वर्षं होते, म्हातारपणी गावी परतले. ते उगाच दात उपटत नाहीत, राहण्यासारखे सोन्याच्या तारेने बांधून राखतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. मुलांना सासूबाईंजवळ ठेवून मी निघाले. निघताना सासूबाईंनी कनवटीची चिंधी सोडली आणि त्यातून आपली सोन्याची फुली माझ्या हातावर ठेवली. सासरे गेल्यापासून ती त्यांच्या नाकात नव्हती.

“हाई ली जा. तारले लागी, असं तुन्ही बहीननी लिखेल शे. माले आते काय करनी शे?”

मी नको म्हटलं. त्यांनी माझी मूठ मिटली आणि मिश्री लावायला निघून गेल्या.

नवरा चाळीसगावपर्यंत सोडायला आला. तिथे धुळ्याची गाडी उभी असते. डब्यात बसवून तो खिडकीशी उभा राहिला, पण आम्ही काही बोललो नाही. मी पदर तोंडाशी धरलेला आणि तो फलाटावरच्या माठाकडे बघत होता. गाडी हलली तेव्हा म्हणाला, “जपून.” गेलं वर्षभर आमचं बोलणं असंच एकेका शब्दाचं झालं होतं. तो अबोल होत गेला की मी, ते आता आठवत नाही.

त्या उन्हाळ्यातलं धुळं मला अजूनही पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. पांझरेचं पात्र कोरडं, मध्येच एखादा डोह, त्यात म्हशी. दूर लळिंगचा डोंगर उन्हात थरथरायचा, आहे की नाही असा. दुपारी रस्ते इतके रिकामे, की आपल्याच चपलांचा आवाज मागून कोणी येतंय असा वाटायचा. अक्का मला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत घेऊन गेली. एका बैठ्या घराच्या ओटीला वाळ्याचा पडदा होता, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं. आत शिरलं की उजेड हिरवट होई आणि ओल्या वाळ्याच्या, मेणाच्या आणि जळक्या रबराच्या वासाने डोकं जड होई.

कारागीर साठीचे होते. पांढरी दाढी, बारीक बोटं, डोळ्यांवर सोनाराचं भिंग. अक्का त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांनी मला लाकडी आरामखुर्चीत बसवलं, डोक्यामागे उशी बांधली आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. दात हलवले नाहीत. हिरडीवर बोट ठेवून नाडी बघावी तसे थांबले.

“वरचे हे दोन काढावे लागतील, बाई. ते तसेही राहायला तयार नाहीत. वर चार दातांची पट्टी करू. खालचे सहा मात्र मी काढणार नाही.”

“ते हलतात,” मी पदराआडून म्हटलं.

“एकेकटे आहेत म्हणून हलतात. बाजूचे सुळे पक्के आहेत. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत तारेने सगळ्यांना एकत्र बांधतो. पाच वर्षं तरी धरतील. पुढचं तुमचं नशीब आणि तुमचं दात घासणं.”

आधीचे आठ-दहा दिवस त्यांनी बांधलं काहीच नाही. बारीक आकड्यांनी दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण खरवडत राहिले. ते खरवडणं माझ्या कवटीत घुमायचं, दूर कुठेतरी कोणी पाट्याला टाकी लावतंय असं. रोज थोडं. मग कोमट मिठाच्या चुळा, मग हिरड्यांवर बोट फिरवायला शिकवलं, असं, वरून खाली, हळू. तोंडातली लोखंडी चव गेली तो दिवस मला आठवतो. अक्काकडे दुपारी पाणी प्यायले आणि पाण्याला पाण्याची चव आली. मी दुसरा पेला मागितला.

वरचे दोन दात त्यांनी काढले ते मला कळलंही नाही, इतके ते सुटे झाले होते. मग फुलीचं सोनं आटवून त्यांनी तार ओढली. पोलादी पट्टीच्या भोकांतून, मोठ्या भोकातून लहान भोकात, पुन्हा त्याहून लहान, शेवटी ती केसासारखी झाली. ती त्यांनी माझ्या खालच्या दातांभोवती विणली, पुढून मागे, मागून पुढे. तास-दीड तास मी तोंड उघडून पडले होते. डोळे मिटलेले. मला वाटत होतं, कोणीतरी टोपलीच विणतंय आणि ती टोपली मी आहे. काम झालं तेव्हा ते म्हणाले, “जिभेने ढकला.” मी ढकललं. सहाही दात जागचे हलले नाहीत. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात काहीतरी स्थिर होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी दुखण्याचं समजून लवंगेचं तेल पुढे केलं.

वरच्या पट्टीसाठी त्यांनी गरम मेण टाळूला दाबून साचा घेतला. मेण निवेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. त्या वेळात मी समोरच्या ट्रेमधल्या चिनी मातीच्या दातांकडे बघत बसे. परदेशातून आलेले, मेणाच्या पट्ट्यांवर ओळीने रोवलेले, पांढरे, दुधी, पिवळसर. कोणाच्याच तोंडात अजून न गेलेले. त्यांतले माझे चार कोणते असतील याचा मी विचार करी. चाचांनी सर्वांत पांढरे उचलले नाहीत. खिडकीशी नेऊन माझ्या राहिलेल्या दातांशी ताडून पाहिले आणि थोडे मळकट निवडले. मी नाराज झाले. ते म्हणाले, “पांढरे लावले तर लोक दात बघतील. हे लावले तर तुम्हाला बघतील.”

रबराची पट्टी साच्यात घालून तांब्याच्या बंद भांड्यात शिजवावी लागे. ते भांडं अंगणात शेगडीवर चढलं की गंधकाचा वास सगळ्या गल्लीत पसरे. शेजारीपाजारी म्हणत, आज कोणाचे तरी दात रांधताहेत. पट्टी निघाली ती विटकरी तांबड्या रंगाची, आणि तिच्या कडेला माझे चार दात, हसत असल्यासारखे. बाजूच्या दातांना धरायला सोन्याच्या आकड्या. त्यांनी ती पाण्यात बुडवून माझ्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला.

आरशात मी होते. जरा दमलेली, पण मीच. पदर कधी खाली गेला ते कळलं नाही.

“बोला,” चाचा म्हणाले.

मी म्हटलं, “ससा.” ऐकू आलं, “शशा.” तोही ओला, शिट्टी मिसळलेला. तोंडात कोणी दुसरंच राहायला आल्यासारखं वाटत होतं. टाळूवर जिथे जिभेला माझी ओळखीची वळणं सापडायची, तिथे आता गुळगुळीत भिंत होती. मी पट्टी काढून हातात घेतली. म्हटलं, “चाचा, दात आले, पण ‘स’ आला नाही.”

ते हसले नाहीत. पट्टी घेतली, दातांच्या मागच्या बाजूला कानस फिरवली, दोनचारदा, आणि पुन्हा बसवली. “पुन्हा बोला.” पुन्हा शशा. पुन्हा कानस. असं त्या दिवशी पंधरा-वीस वेळा झालं. मग म्हणाले, “एका शब्दाने मला समजत नाही. जीभ घाबरते. उद्या काहीतरी वाचा, लांब. मी ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी मी पहिलीचं पुस्तक नेलं, पण त्यात ‘स’ फारच कमी निघाले. म्हणून मी मनानेच एक गोष्ट सांगू लागले, ‘स’ येतील असे शब्द शोधत. सात समुद्रांपलीकडे सोनसावळी नावाचं एक शहर होतं. तिथल्या सावकाराची सून सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायला गेली आणि तिची सावलीच सरोवरात सांडली. सावली सोडून ती घरी आली, तर सासूने तिला ओळखलंच नाही. पुढे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. सुनेला सावली शोधायला निघावं लागलं. चाचा डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करत, मी थांबे. पट्टी काढत, नखाएवढी जागा घासत, धुऊन परत देत. “हां, पुढे.” आणि सून पुढे चालू लागे, साळींच्या शेतातून, सर्पांच्या राज्यातून.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आतल्या दाराला बांबूच्या काड्यांची चिक होती, तिच्यामागे बांगड्या वाजल्या. चाचांनी कान दिला आणि जरा संकोचून मला म्हणाले, “घरातून विचारतात, काल त्या सुनेला साधू भेटला, त्याने काय सांगितलं?”

तेव्हापासून चिकेमागे रोज कोणीतरी बसलेलं असे. मला ते दिसत नसे, पण सून संकटात सापडली की आतून हलकेच “या अल्ला” असा आवाज येई. वाळ्यातून गाळून आलेला तो हिरवा उजेड, पट्टीवर फिरणारी कानस, आणि माझ्याच तोंडून येणारी, मला न ठरवता सुचणारी गोष्ट. शाळा, जळगाव, मोठ्या बाई, सगळं कोण्या दुसऱ्या बाईचं होतं. दुपार कधी सरे ते कळत नसे. एकदा सांगता सांगता मला चक्क डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा चाचा तसेच डोळे मिटून बसले होते, आतलं माणूसही गप्प होतं.

एके दिवशी हिरडीला पट्टी लागून फोड आला. बोलवेना. चाचा पट्टी घेऊन अंगणात गेले तेव्हा चिक जरा सरकली आणि आतून हाक आली, “बाई, इकडे या.” मी आत गेले. चाची चटईवर बसल्या होत्या, गोऱ्या, भरल्या अंगाच्या, हातभर हिरव्या बांगड्या. त्यांनी मला शेजारी बसवलं. माझ्या ओठांवर आपोआप पदर गेला, कारण पट्टी तोंडात नव्हती. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

“माझ्यापासून काय लपवता?” असं म्हणून त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि आपल्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कवळ्या काढून मांडीवर ठेवल्या.

क्षणात त्यांचा चेहरा ऐंशी वर्षांच्या म्हातारीचा झाला. गाल आत, हनुवटी नाकाशी. आणि डोळे मात्र तरुण. मला त्यांच्याकडे बघवेना आणि नजर काढवेना. त्या बोळक्या तोंडाने बोलू लागल्या. त्यांचे दात पंचविसाव्या वर्षी गेले होते, याच दुखण्याने. चाचा तेव्हा मुंबईत होते. दंतवैद्याकडे चला म्हणून त्यांनी विनवलं, पण परक्या पुरुषापुढे तोंड उघडायचं नाही म्हणून चाची गेल्या नाहीत. एकेक दात गेला. मग चाचांनी कारखान्यात रात्रंदिवस शिकून घेतलं आणि पहिली कवळी केली ती त्यांच्यासाठी.

“पहिली फार वाईट होती,” चाची म्हणाल्या. “घोड्याची वाटायची. पण मी त्यांना सांगितलं नाही. वर्षभर वापरली. मग त्यांनीच पाहिलं आणि फोडून टाकली.”

त्यांनी तोंड उघडून हसून दाखवलं, तसंच, दातांवाचून. मला हसू आलं. माझी चार दातांची फट आणि त्यांचं रिकामं तोंड, दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो, इतक्या की अंगणातून चाचांनी विचारलं, “काय झालं?” चाचींनी हाताने मला गप्प केलं. मग कामाचं सांगितलं. झोपताना काढायची, पाण्यात ठेवायची. पहिले पंधरा दिवस खिचडी आणि दूध, मग भाकरी, तीही बाजूच्या दाढांनी, दोन्हीकडे सारखी. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. आणि एकटीने बोलायचं, भांड्यांशी, भिंतींशी. “जिभेला नवं घर आहे. तिला फिरू द्या.” शेवटी कवळी बसवून, पुन्हा मघाच्या चाची होऊन त्यांनी विचारलं, “आता सांगा, त्या सुनेला सावली सापडली का?”

मी म्हटलं, “सापडली.” तोवर मला ते ठाऊक नव्हतं. आणि म्हणता म्हणता आम्हा दोघींच्याही लक्षात आलं, की जीभ ‘स’च्या जागेवर गेली होती. पट्टी तोंडात नव्हती म्हणून तो ‘स’ नव्हताच, पण चाचींना तो ऐकू आला होता. त्या म्हणाल्या, “बस. आता येईल.”

दोन दिवसांनी आला. कानस फिरली, पट्टी बसली, मी म्हटलं, “सून सरोवराशी बसली.” चाचांनी डोळे उघडले. पुन्हा म्हणायला लावलं. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, “ऐकलं?” आतून बांगड्या वाजल्या. सुनेची गोष्ट मी त्या दिवशी पुरी केली, आणि ती पुरी झाल्याचं मला स्वतःलाच वाईट वाटलं.

जूनमध्ये पहिली मलाच मिळाली. पण माझ्या जुन्या मुली दुसरीत गेल्या होत्या आणि तिथे ‘थथा’ म्हणत होत्या. मोठ्या बाईंना विचारून मधल्या सुट्टीत मी त्यांना रोज बोलावू लागले. आरसा नेला. “जीभ दातांना लावायची नाही, मागे ठेवायची, आणि वारा सोडायचा.” त्या सोडत. पोळा आला तोवर बहुतेकींचा ‘स’ जागेवर आला. एकीला मात्र कारण कळलं नाही. ती म्हणाली, “बाई, आधी तुम्हीच तसं सांगितलं होतं.” मी म्हटलं, “हो. मी चुकीचं सांगितलं होतं. मला दात नव्हते.” ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. शिक्षिका चुकते हे तिला पटायला वेळ लागला असावा.

सासूबाईंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, नखाने वाजवली आणि माझ्या तोंडातल्या तारेच्या सोन्याकडे निरखून म्हणाल्या, “नाकमा व्हतं ते तोंडमा गयं. जाऊ दे, घरमाच शे.” खालचे दात त्या तारेने आठ वर्षं धरले, चाचांनी दिलेल्या मुदतीपेक्षा तीन जास्त. मग एकामागून एक गेले. तोवर चाचाही गेले होते. पुढची पट्टी मी जळगावातच करून घेतली.

पण धुळ्याहून आल्यापासून नवऱ्याला मी पट्टीवाचून कधी दिसले नव्हते. तो झोपल्याची खात्री झाली की पट्टी काढायची, फडताळातल्या वाटीत ठेवायची, पहाटे तो उठण्याआधी बसवायची. त्यानेही कधी विचारलं नाही. दात आल्यावर मी सगळ्यांशी बोलू लागले होते, त्याच्याशी मात्र तेच एकेका शब्दाचं.

त्याच वर्षीच्या थंडीत, एका रविवारी तो म्हणाला, “मेहरूणला जाऊ.” मुलांना घरी ठेवून आम्ही दोघंच तळ्यावर गेलो. उन्हं उतरली होती, पाण्यावर पातळ धुकं साचायला लागलं होतं आणि पलीकडचा काठ दिसत होता तो नुसत्या रेषेसारखा. काठावर एक बाई बोरं विकत होती. त्याने ओंजळभर घेतली. मेहरूणची बोरं ती, पिकून तांबूस झालेली. चाचींचं सांगणं मी विसरले आणि पुढच्या दातांनी बोर तोडलं. सालीचा तुकडा पट्टीखाली गेला आणि टाळूला काटा रुतावा तशी कळ आली.

मी पाठ फिरवली. तोंड झाकून उकिडवी बसले, पट्टी काढली आणि पाण्यात हात घालून धुऊ लागले. बोटं गार पडली होती. एका हाताने पदर तोंडाशी, दुसऱ्या हातात ती ओली निसरडी पट्टी. ती निसटून पाण्यात जाणार असं वाटलं, तेवढ्यात तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“दे,” तो म्हणाला. “मी धरतो. तू चूळ भर.”

मी मान हलवली. त्याने रुमाल काढून तळहातावर पसरला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. कितीतरी वेळ. तळ्यात कुठेतरी मासा उसळला. मी पट्टी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उन्हाच्या शेवटच्या उजेडात धरून पाहिली, पुढून, मागून, एखादं नाजूक यंत्र पाहावं तशी.

“फार छान काम आहे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचं नसतं.”

मी दोन्ही हातांनी पाणी घेतलं, चूळ भरली आणि तोंड न झाकता त्याच्याकडे वळले. दातांवाचून, जसं येईल तसं बोलू लागले. धुळ्यातल्या त्या घराबद्दल, हिरव्या उजेडाबद्दल, चाचींच्या मांडीवरच्या कवळ्यांबद्दल. माझे शब्द वेडेवाकडे निघत होते. त्याला बहुतेक सगळे कळत होते. एखादा कळला नाही की तो पुन्हा विचारी. अंधार पडेपर्यंत पट्टी त्याच्याच रुमालात होती.